नातीसाठी लावलेला मलम

चिक्कडपल्लीच्या औषधाच्या दुकानात काल कुणीतरी चेहऱ्यावरच्या डागांचा मलम मागितला आणि मला आई आठवली. स्टोव्हच्या भडक्यात तिचा उजवा गाल तरुणपणीच भाजला होता, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. ताईची दोन वर्षांची मुलगी पहिल्यांदा हैदराबादला आली आणि आजीला बघून किंचाळली, तेव्हा मात्र आई मला घेऊन डॉक्टरकडे गेली. "पुराना दाग है अम्मा, हल्का होता, जाता नै," ते म्हणाले. "दसरे तक हल्का हुआ तो बी बस. नात आ री मेरी," आई म्हणाली. मग रोज अंघोळ झाली की ती आरशासमोर बसून हलक्या बोटांनी मलम चोळायची आणि विचारायची, "कमी दिसतोय का गं?" मी हो म्हणायचे. दसऱ्याला पोर आली आणि आजीला बघून पुन्हा घाबरली, ताईच्या मागे लपली. आईनं पदर गालावर ओढून घेतला आणि दहीभाताची वाटी माझ्याकडे सरकवली. "तू भरव तिला," म्हणाली. त्या हिवाळ्यात आई गेली. काल घरी येऊन मी भाचीला फोन लावला. आता ती कॉलेजात आहे. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, आजी दिसायची कशी? मला तिचा चेहराच आठवत नाही." मी तिला सगळा चेहरा सांगितला, डागासकट.