सासूबाईंना वाचून दाखवलेलं प्रकरण

मंडळी, वर्षभर तुम्ही माझ्या आत्मकथनाची पानं इथं ब्लॉगवर वाचलीत, मुखपृष्ठही तुम्हीच निवडलंत. आज सकाळी पुस्तकं वडगावला घरी आली.

पहिली प्रत घेऊन मी सासूबाईंच्या खाटेजवळ बसले. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेलीय, ऐकू मात्र सगळं येतं. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी त्यांनी मला कापड विणायला मागावर बसवलं होतं. तेच प्रकरण मोठ्यानं वाचायला लागले.

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी हनुवटी धरून परत माझ्याकडं वळवलं.

"लई झालं, बास कर गं. आईला सगळं कळतंय," नवरा म्हणाला.

"व्हय, कळतंय म्हणूनच."

त्यांचे डोळे वाहत होते. मी प्रकरण संपवूनच उठले.

लिहून मन हलकं होतं, असं तुम्ही म्हणायचात. माझं आज झालं, त्यांना रडताना बघून. खरं सांगा, तुम्ही थांबला असतात?