धाकटीचं दुकान

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. आणि आमच्या गावात तिच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून सापडत नाही, म्हणजे माझ्या पोटाचे हाल बघा. पोस्टात जावं तर "लाय-हा बरी आहे ना?" दवाखान्यात जावं तर नर्स विचारते, "तुम्ही लाय-हाच्या कोण?" मी तिची थोरली बहीण, क्वाय-लान. या गावात मला नाव आहे हेच निम्म्या लोकांना माहीत नाही.

वेल्समधल्या या खोऱ्यातली कोळशाची खाण बंद पडली, बँक गेली, एका चर्चमध्ये हल्ली गालिचे विकतात. आमचं, म्हणजे पांगांचं, चायनीज तेवढं चालू आहे. आजोबा हाँगकाँगकडच्या आमच्या खेड्यातली भातशेती सोडून इकडे आले, दुसऱ्यांच्या दुकानांत भांडी घासली आणि मासे तळायची ही जागा घेतली. त्यांच्यामागून आईबाबांनी चालवली. आता लाय-हा चालवते. तिची मुलगी कार्डिफला औषधांच्या दुकानात आहे, तेलाचा वास आला की नाक मुरडते. तेव्हा पुढचं काय ते उघडच आहे.

आमच्या लोकांत तेव्हा रीतच होती. पोर आठ-दहा महिन्यांचं झालं की गावी निघालेल्या कुणाच्या तरी मांडीवर देऊन आजीकडे पाठवायचं. दुकान म्हणजे सकाळी बटाटे सोलण्यापासून फरशी पुसेपर्यंत दोन माणसांना पुरून उरणारा घाणा, त्यात पोर कुठे सांभाळणार? मला तशीच पाठवली. दोन वर्षांनी लाय-हा झाली. तिचंही तिकीट काढलं होतं. ऐन वेळी तिचा कान फुटला, डॉक्टर म्हणाले विमानात बसवू नका. मग पुढच्या महिन्यात, मग नाताळनंतर, असं करता करता ती राहिलीच. एका फुटक्या कानावर तिने आख्खी आई मिळवली.

मी आजीपाशी वाढले. मी सहा वर्षांची असताना आजीला अर्धांगवायू झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. तीन वर्षं तिचं म्हणणं मीच सगळ्यांना उलगडून सांगायचे. ती गेली आणि मला इकडे आणलं. विमानतळावर मी धावत जाऊन "आई!" म्हणून जिला मिठी मारली ती शेजारच्या खोऱ्यातली दुकानवाली निघाली. बिचारी आम्हाला न्यायला गाडी घेऊन आली होती. फोटोत आईचे केस कुरळे होते, आणि तिथे कुरळे केस या बाईचेच होते. खरी आई मागे उभी, हाताला लाय-हा. लाय-हा फिदीफिदी हसली. ते हसू मी अजून माफ केलेलं नाही.

आता तिचे गुण सांगते, नाहीतर म्हणाल नुसती जळते. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती तेलाच्या पालथ्या डब्यावर उभी राहून गल्ला सांभाळायची. खाणीतले दांडगे पुरुष तिच्यापुढे रांगेत गरीब गाईसारखे उभे. "काय ग्विनकाका, अर्धा भात अर्धे चिप्स? आणि रस्सा वरून की बाजूला? मागच्या वेळी शर्टावर सांडलात, काकू मला बोलल्या." सगळं दुकान हसायचं. मी आत कोळंबी सोलत ऐकायचे. मला इंग्रजी येत नव्हतं, पण हसणं कळत होतं.

पंधराव्या वर्षी आईने तिच्या हातात कढई दिली. मला हवी होती ती कढई. मी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "तुझे हात आजीसारखे नाजूक आहेत. तू कोळंबीच कर."

आणि तो वाडगा. दुकान उघडायच्या आधी, साडेचारला, आम्ही घरचे जेवतो. गिऱ्हाइकांना विकतो त्यातलं त्यात काही नसतं. वाफवलेला मासा, पालेभाजी, खारवलेलं अंडं, भात. कढईवरचं माणूस या पंगतीला नसतं, त्याची तयारी चालू असते. म्हणून आई लाय-हाचा वाडगा भरून, वर दुसरा वाडगा पालथा घालून शेगडीच्या कडेला ठेवायची. माशाच्या गालाचा मऊ तुकडा त्यातच जायचा. रोज. मी आईशेजारी बसून जेवायचे आणि माझं सगळं लक्ष त्या झाकलेल्या वाडग्याकडे.

पुढे माझं लग्न झालं, मीही दुसऱ्या गावातल्या अशाच दुकानात गेले, नवरा वारल्यावर ते विकून परत आले. बाबा तोवर गेले होते. मागच्या मार्चमध्ये आईला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. इंग्रजी तर गेलंच, जे उरलं ते गावाकडची हाक्का बोली, तीही तोंडात गोळा धरून बोलावं तशी. लाय-हाला आमची बोली येते ती मीठ, तेल, लवकर कर, एवढीच. तिला अवाक्षर कळेना. मला सगळं कळत होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पन्नाशी उलटल्यावर का होईना, आई माझ्या वाट्याला आली होती.

कढयांसमोर आईची खुर्ची मांडली होती. पाच वाजता दुकान उघडलं, तेल कडकडायला लागलं की ती डाव्या हाताने माझी बाही ओढायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सासूबाई, धाकटी जेवली का हो?"

ती मला आजी समजली होती. आणि विचारलं काय, तर धाकटी जेवली का!

"काय म्हणतेय गं?" लाय-हाने कढईवरूनच विचारलं.

"मला विचारतेय, जेवलीस का म्हणून."

"आणि माझ्याबद्दल?"

"काही नाही."

लाय-हाचा चेहरा खर्रकन उतरला. मी उठून गल्ल्यावर गेले. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती, पण ती काही वाटली नाही.

हे रोज चाललं. आईने विचारायचं, मी लगेच उठून लाय-हाला खोटं सांगायचं आणि गल्ल्यावर जायचं. लाय-हाचा वाडगा झाकून ठेवायचं काम आता माझ्याकडे होतं. तेही मी केलं नाही. ती उपाशीपोटी कढई परतायची. तिचा हात चुकायला लागला. एकदा ग्विनकाका, आता ऐंशीचे, डबा घेऊन परत आले. "पोरी, आज रश्श्यात समुद्र ओतलास की काय?"

"चुकलं, काका. नवीन करून देते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तिला विचार ना, माझ्यावर रागावलीय का?"

"विचारलं. काही बोलत नाही."

दीड महिन्याने एका शुक्रवारी, रांग दाराबाहेर गेलेली असताना, आईने रोजच्यासारखं विचारलं. मी उठले. पण त्या दिवशी आईने साडेचारच्या जेवणातला आपला अर्धा राहिलेला वाडगा डाव्या हाताने पुढे सरकवला. भात सांडत, टेबलाच्या कडेपर्यंत, लाय-हाच्या दिशेने. आणि तेच शब्द पुन्हा म्हणाली.

लाय-हाने वाडग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ती हे माझ्याबद्दल विचारतेय."

मी सांडलेली शितं गोळा करायला लागले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं उकळतं तेल अंगावर येतंय. तिने एकेक करून सगळ्या शेगड्या बंद केल्या. शुक्रवारी, सहा वाजता! स्टूल ओढून आईसमोर बसली आणि आईचा उष्टा वाडगा उचलून खायला लागली. डोळ्यांतून पाणी, तोंडात भात.

बाहेरून ग्विनकाका ओरडले, "लाय-हा! मेलीस की काय आत?"

"जेवतेय!" ती ओरडली. त्या दुकानात असलं उत्तर कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आईने तिला चार घास खाताना बघितलं. मग माझी बाही पुन्हा ओढली. मी जाऊ शकत नव्हते, लाय-हाचा पाय वाटेत होता.

"आणि थोरली?" आई म्हणाली. "ती तिकडे जेवली का हो, सासूबाई?"

पहिला प्रश्न ऐकला की मी उठत होते. दुसरा मी दीड महिन्यात एकदाही ऐकला नव्हता.

"आता काय म्हणाली?" लाय-हाने विचारलं. "आणि खरं सांग."

मी सांगितलं. लाय-हा चावायची थांबली.

"मग दे की उत्तर तिला."

मी आईच्या पायाशी बसले आणि आजीच्या बोलीत म्हणाले, "नाही. अजून जेवली नाही ती."

आई चिडली. चांगला हात माझ्या खांद्यावर आपटून म्हणाली, "मग बसलात काय अशा? वाढा की माझ्या पोरीला!"