वीणेचा पहारा

किन्हवलीकडच्या आमच्या गावात भाताची झोडणी आटपली की सप्ता बसतो. सात दिवस देवळातली वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, वीणा आपल्या गळ्यात घ्यायची आणि उभ्यानेच आपला पहारा करायचा. ती खाली टेकली तर सप्ता खंडला.

माझ्या भजनी मंडळात वाडीवरची एक कातकरीण होती, माळकरी. तिला हौस एकच, आपल्याला एक पहारा मिळावा. सप्ता उठला की तिचं घर वीटभट्टीवर जायचं, परत यायचं ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे आता नाही तर वर्षभर नाही.

माझे दीर सप्त्याचे प्रमुख. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. हे पुढचं वर्ष मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. माझं डोकंच फिरलं. कीर्तनात 'सगळी देवाची लेकरं' ऐकून माना डोलवायच्या, नि लेकरू दारात आलं की दार लोटायचं.

दुपारचा पहारा माझा होता. तो संपला तशी माझी जाऊ वीणा घ्यायला पुढे आली. तिला हातानेच थांबवलं नि वाडीवालीला हाक मारली, "ये गो." ती माझ्या पाया पडली, मी तिच्या. वीणा तिच्या गळ्यात घातली. टाळ जरा अडखळले, मग चालू झाले. मला वाटलं, जिंकलं.

कसलं काय! द्यायला मी होते, पण तिच्याकडून घेणार कोण? घ्यायची तर आधी तिच्या पाया पडायला हवं. तिचा पहारा सरला. जाऊबाई पाणी प्यायला म्हणून गेल्या त्या गेल्याच. बायका आपापल्या नवऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या. एका दिवसात दोनदा पहारा करायचा नाही हा आमचा नेम, त्यामुळे माझे हात बांधलेले. माझ्या हट्टापायी गावासमोर हिची फजिती झाली. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तर म्हणते कशी, "काकू, तुमी बसा. माझा बरा चाललाय."

उन्हं कलली तेव्हा दीर उठले. टोपी नीट केली, वाकले आणि डोकं थेट तिच्या पायांवर टेकवलं. सप्ता खंडेल म्हणून की मनापासून, वीणेला की तिला, ते मला आजही कळलेलं नाही. मी विचारलंही नाही. मनात काय होतं ते देव जाणे, डोकं टेकलेलं मात्र सगळ्यांनी पाहिलं. तीही त्यांच्या पाया पडली, वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

मग बाहेर येऊन पायरीवर बसली नि पोटऱ्या चोळत रडायला लागली.

"दुखतात का गो?"

"नाय काकू. भट्टीवर सांगितला तरी कुनाला खरा वाटायचा नाय."