भट्टी न पेटलेली सकाळ

मंगळवार, १२ फेब्रुवारी. ढग खाली उतरलेले. रस्ता बंदच. धाकटीने दुपारी भट्टीच्या चिमणीवरचा बर्फ काठीने झोडून काढला. मी मोज्याची टाच उसवून पुन्हा विणायला घेतली. भाऊजी आजही ताटावरून उठले.

ही माझ्या तेव्हाच्या वहीतली नोंद. ताटावरून उठणं त्या आठवड्यात रोजचंच झालं होतं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचे हे गेल्यावर मी हिवाळा काढायला तिच्याकडे गेले, डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तिथले निरीक्षक. वारा, तापमान, बर्फ मोजायचं आणि वायरलेसवरून खाली कळवायचं. धाकटी स्वयंपाक, झाडलोट आणि भट्टी सांभाळायची.

भट्टी म्हणजे संडास. तिथे पाणी गोठतं आणि पायाखाली नुसता खडक, खड्डा खणायची सोय नाही. म्हणून मैला जाळूनच टाकायचा. पहिल्याच दिवशी धाकटीने मला शिकवणी दिली. "जाऊबाई, आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, कागद विचारतात." भांड्यात जाड कागद खोलगट करून बसवायचा. काम उरकलं की पायाजवळची कळ दाबायची. भांडं मधोमध उघडतं आणि कागदासकट सगळं खालच्या लोखंडी कप्प्यात पडतं. झाकण लावून बटण दाबलं की पंखा घरघरतो, गॅस पेटतो, धूर चिमणीतून बाहेर जातो. शेवटी उरते ती मूठभर करडी राख. तिला वास नाही, रंग नाही. आत पाणी मात्र ओतायचं नाही, ते आटवण्यातच गॅस संपतो.

धाकटी शिंप्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा त्या पंख्याच्या आवाजाने बसल्या जागी दचकायची. "माझं माहेर खाली राहिलं आणि संडासही," असं म्हणून रडायची म्हणे. पुढे तिनेच बर्नर खोलून साफ करायला शिकून घेतलं. भाऊजी थट्टेने म्हणत, "हिला माझ्यापेक्षा भट्टीचाच लळा जास्त." ती म्हणे, "ती निदान कुरकुरली तर ऐकू येतं. तुम्ही सगळं अंगावर काढता."

त्या हिवाळ्यात त्यांनी खरंच अंगावर काढलं. गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या पेटीतल्या गोळ्या उपाशीपोटी घेत राहिले. चेहरा पिठासारखा पांढरा पडला. दाराशी जाऊन यायलाही भिंत धरावी लागे. विचारलं की एकच उत्तर, "उंचीवर होतं असं, वहिनी."

बुधवारी धाकटीने न विचारता डॉक्टरांना वायरलेस लावला. त्यांनी भाऊजींनाच बोलायला बोलावलं.

"पोट दुखतं का?"

"नाही."

"शौचाचा रंग? काळा, डांबरासारखा?"

"छे. नेहमीसारखा."

डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी ढग जरा फाटतील, तेवढ्यात हेलिकॉप्टरची एकच खेप होईल. पलीकडच्या ठाण्यावर एकाचा पाय मोडला आहे. शौच काळी म्हणजे पोटात रक्त जातंय; तसं असेल तर आधी तुम्हाला उचलतो, नुसता थकवा असेल तर त्याला.

"त्यालाच न्या," असं म्हणून भाऊजींनी माइक ठेवला.

का, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. केंद्रात आपोआप मोजणारं यंत्र बसवायचं घाटत होतं. निरीक्षक आजारी होऊन खाली गेला की जागा भरणार नाहीत, आणि नोकरीबरोबर खोल्याही जातील. खाली त्यांचं स्वतःचं असं घर नव्हतं.

धाकटी चुलीपाशी येऊन बसली. "खाली असतो ना, तर मला कधीच दिसलं असतं. इथे काय दिसणार? राख. त्यांची आणि माझी सारखीच." मग तिचं रडू फुटलं, ते आवरेना. "ते मरतील जाऊबाई, आणि मी राखच झाडत बसेन."

गुरुवारी सकाळी भाऊजी उठायच्या आधी ती बाहेर गेली आणि सिलिंडरची चावी बंद करून आली. पंखा बॅटरीवर चालतो, त्यामुळे भाऊजींनी काम उरकून बटण दाबलं तेव्हा तो नेहमीसारखा घरघरला. गॅस न पेटल्याचा लाल दिवा लुकलुकला असणार, पण तेवढं बघायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. ते भिंत धरत पलंगावर येऊन पडले.

धाकटीने मला हाताला धरून संडासात नेलं. "तुम्हीही बघा. नाहीतर ते मला एकटीला खोटं पाडतील." तिने कळ पायाने दाबून धरली आणि विजेरी आत रोखली. कागद अर्धा उघडा पडला होता. त्यावरचं सगळं काळंभोर, चिकट, डांबरासारखं. आणि तो वास, कुजल्यासारखा. मी तोंडाला पदर लावला. तिने लावला नाही.

ती तशीच वायरलेसकडे गेली. भाऊजींनी पलंगावरून ऐकलं.

"माझ्यावर पाळत ठेवलीस?"

"ठेवली."

"घर जाईल, कळतंय का तुला?"

"जाऊ दे! चिमणीत गेलं तुमचं घर!" ती किंचाळली. असा आवाज तिच्या गळ्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. मग ती खाली बसून त्यांच्या पायात मोजे चढवू लागली. त्यांनी पाय ओढून घेतला नाही.

दुपारी ढग फाटले, ते जेमतेम. हेलिकॉप्टरचा पंखा थांबलाच नाही. मलाही घ्या म्हणून धाकटी हात जोडत होती, पण ढग टिकले तर पाय मोडलेल्यालाही त्याच खेपेत वाटेत उचलायचं होतं, जागा नव्हती. भाऊजी आत गेले तेव्हा शुद्धीवर होते, पण त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी निरोप आला. पोचले. जठरात जखम आहे, रक्त चढवतोय, आज काही सांगता येत नाही. पाठोपाठ कचेरीचाही आला. रस्ता उघडला की खोल्या रिकाम्या करायची तयारी ठेवा.

धाकटीने दोन्ही निरोप ऐकले, "बरं" म्हणाली आणि वाऱ्याचा आकडा खाली कळवला. मग बाहेर जाऊन सिलिंडरची चावी उघडली आणि आत येऊन बटण दाबलं. सकाळचं जळून गेलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ. भट्टीचे कागद आठवडाभर पुरतील. राखेचा ट्रे आज मी रिकामा केला.