तात्यांच्या करवती

लग्न होऊन रत्नागिरीच्या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहासाठी पातेलं उचललं, तर त्यात रॉकेल होतं आणि रॉकेलच्या तळाशी पितळेचे नि लोखंडाचे बारीक बारीक तुकडे. मी नवी नवरी. घरात दुसरं बाईमाणूस नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. पातेलं रिकामं करावं की तसंच ठेवावं, या विचारात उभी होते, तेवढ्यात मागच्या पडवीतून आवाज आला, "अगो, ओतू नको हां ते! कार्ब्युरेटर भिजत घातलाय."

आपण मटकी भिजत घालतो तसा हा माणूस कार्ब्युरेटर भिजत घालत असे. हे माझे सासरे, तात्या.

तात्यांची उभी हयात मालाच्या बोटींवर, इंजिनरूममध्ये गेली. निवृत्त होऊन घरी आलेले खलाशी चार कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या पायरीवर बसून परदेशच्या थापा मारतात. तात्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. त्यांनी जुन्या चेनसॉ जमवायला सुरुवात केली. चेनसॉ म्हणजे झाडं कापायची, पेट्रोलवर चालणारी करवत; सायकलच्या चेनसारखी दातेरी साखळी लांब पात्याभोवती गरगर फिरते ती. कुठल्याशा थंड देशाच्या बंदरात त्यांची बोट ओंडके भरायला लागली होती. तिथल्या माणसांच्या हातात त्यांनी हे यंत्र पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "एवढंसं इंजिन, कडेवर घेता येईल असं! आम्ही जन्मभर दोन मजली इंजिनाला तेल पाजत होतो गो."

असली जुनी यंत्रं रत्नागिरीत कुठून मिळणार, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण अंदमानच्या जंगलात कामाला गेलेला कोणी येताना एखादी घेऊन येई, एखादी लाकडाच्या वखारीत पोत्यांखाली सापडे, आणि उरलेल्या हसनभाई आणत. हसनभाई मिरकरवाड्याकडचे भंगारवाले, तात्यांचे जिवलग. त्यांच्या हातगाडीचा खडखडाट वळणावर ऐकू आला की माझं कपाळ आपोआप दुखायला लागे. "भाभी, घाबरू नका, छोटीच आहे," असं म्हणत ते गाडीवरून जे उतरवत, ते दोघांना उचलावं लागे.

माझे यजमान, सुरेश, मुंबईत एका कंपनीत नोकरीला. गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. म्हणजे संसार माझा आणि तात्यांचा, आणि पडवीत ओळीने मांडलेल्या त्या करवतींचा. लाल, पिवळ्या, एक शेवाळी रंगाची. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, त्यामुळे आज घासून लखलखीत केलेली करवत पावसाळा संपेपर्यंत पुन्हा तांबूस होई आणि तात्या नव्याने घासायला बसत. एका उन्हाळ्यात वर्षभराची म्हणून मी आमसुलं वाळवून बरणीत भरून ठेवली. आठवड्याने बघते तर बरणी अर्धी. तात्यांनी आमसुलांचा कोळ करून त्यात गंजलेलं पातं बुडवून ठेवलं होतं.

"तात्या, ही आमटीची आमसुलं होती!"

"मग? आंबट ते आंबटच. गंज कसा सुटला बघ तरी."

बघायला मी जागेवर राहिले तर ना. तीन दिवस बिनआंबट आमटी वाढली, पण त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

करवत बंद पडलेली असली, तिचा दट्ट्या आत घट्ट बसलेला असला, मुंग्यांनी वारूळ केलेलं असलं, तरी तात्यांचं एकच म्हणणं असे. ते तिच्यावर टिचकी मारत, कान लावत आणि सांगत, "मेलेली नाय गो ही. रुसलेय." मग रुसवा काढायला घरातलं काय काय लागे याला सुमार नव्हता. माझी टाचणी, माझा दात घासायचा ब्रश, नखांचं पॉलिश. कार्ब्युरेटरच्या आत रबरी कापडाची एक पातळ चकती असते. ती फाटली की इंजिनाला पेट्रोल मिळत नाही, आणि तसल्या चकत्या आपल्याकडे मिळायच्या कुठे? मी तेव्हा जवळच्या बालवाडीत शिकवत असे. एका सकाळी भर पावसात नवा रेनकोट घालून निघाले, आणि बालवाडीत पोचले तेव्हा पाठ चिंब भिजलेली. रेनकोटला मागे, बरोब्बर मधोमध, रुपयाएवढं गोल भोक. कडा अशी सुरेख कापलेली की रागावतानाही त्यांच्या हाताचं कौतुक वाटावं.

"मागच्या बाजूला कापलंय," तात्या म्हणाले. "पुढून दिसत नाय."

आमच्या आळीत शेजारच्या अनुसयाकाकींकडे पहिला टीव्ही आला, तेव्हाची गोष्ट तर सगळ्या आळीच्या लक्षात आहे. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागे. बायका आंघोळ करून, हळदीकुंकवाची तबकं घेऊन टीव्हीसमोर बसत. त्या दिवशी देवाने धनुष्याला बाण लावला, आणि पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस सुरू झाला. टीव्हीतून नुसतीच खरखर. काकींच्या मुलाने छपरावर चढून अँटेना फिरवली, तरी फरक नाही. मला मात्र आमच्या पडवीतून येणारा आवाज ओळखू आला होता. तात्यांची शेवाळी करवत वर्षभराच्या रुसव्यानंतर चालू झाली होती आणि तिच्या प्लगच्या ठिणगीने देवाला झाकोळून टाकलं होतं. मी धावत जाऊन ती बंद करायला लावली. परत येईपर्यंत बाण सुटून गेला होता, राक्षस मेला होता, आणि काकी महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होत्या. जणू मीच प्लग साफ केला होता!

असं सगळं चाललेलं असताना एके सकाळी तोंड धुता धुता तात्यांच्या हातून तांब्या पडला. तो उचलायला वाकले ते वर आलेच नाहीत. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली.

सुरेश धावत आले, रजा होती तोवर राहिले आणि गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात हलवत राहा, काही ना काही करत राहा, पुष्कळसं परत येईल. तात्या काहीही करत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असत. पेज भरवली तर तोंड मिटून घेत. चेंडू दाबायला दिला तर तो खाटेखाली घरंगळू देत. मी समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. भिंतीकडची पाठ ढिम्म हलली नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या वैतागात मला तात्यांची भीती कधी वाटली नव्हती. ती आता वाटू लागली. हा माणूस ठरवून चाललाय, असं दिसत होतं.

हसनभाई भेटायला आले, ते सवयीने एक करवत घेऊनच. चिखलाने माखलेली, आत कोळ्याचं जाळं. तात्यांची अवस्था बघून ओशाळले. "परत नेतो, भाभी."

मला काय झालं कोणास ठाऊक. मी ती करवत दोन्ही हातांनी उचलली, आत गेले आणि धुतलेल्या चादरीवर, तात्यांच्या पाठीला लागेल अशी दाणकन ठेवली. "हसनभाई म्हणतायत ही मेलेली आहे. देऊन टाकू भंगारात?"

मग तात्या हळूहळू कुशीवर वळले. डाव्या हाताने तिच्या अंगावरून बोटं फिरवली. ओढायची दोरी चाचपली. ओठ वाकडे करत, थुंकी उडवत ते म्हणाले, "मे... मेली नाय. रु... रुसलेय." आणि मग, "पा... पाना दे."

त्या दिवसापासून माझ्या नशिबी फिटरची नोकरी आली. तात्या उशांना टेकून बसत, करवत मांडीवर, आणि डाव्या हाताने स्क्रू सोडवत. धरून ठेवायचं काम माझं. पूर्वीचे तात्या तसे गरीब स्वभावाचे. आजाराने तोंड सुटलं होतं. "आठ नंबर म्हटलं, दहा काय देतेस? डोळे हायत ना?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. "उद्यापासून दुसरी सून बघा," म्हणायचे. माझ्या साड्यांना पेट्रोलचा वास बसला. बालवाडीतली पोरं सांगायला लागली, "बाईंना स्कूटरचा वास येतो." पण निर्जीव पडलेला उजवा हात आधी नुसता वजन म्हणून सुटे भाग मांडलेल्या कागदावर ठेवायचा, तो हळूहळू नट दाबून धरू लागला. पेज वाढली की तात्या न बोलता खाऊ लागले. मग खाटेवरून उठून काठीने पडवीपर्यंत.

करवत जुळली, तेव्हा दोरी ओढायचं कामही माझ्याकडेच आलं. "हिसडू नको. आधी हळू ओढ. जड लागलं की मग दे झटका." मी पदर खोचला, करवतीवर पाय दिला आणि ओढत राहिले. हाताला फोड आले. शेवटी ती खोकली, धूर ओकली आणि अशी काही गरजली की मी दोन पावलं मागे उडाले. तात्यांनी डाव्या हाताने आपला उजवा पंजा उचलून तिच्या मुठीवर ठेवला.

"थरथर समजतेय गो," ते म्हणाले. त्या हाताला तोवर गरम-गारही कळत नव्हतं.

पुढच्या शिमग्याला सुरेश आले ते बातमी घेऊन. डोंबिवलीला खोली मिळाली होती. आम्ही तिघांनी जाऊन राहायचं, असा त्यांचा विचार. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नाय येत. तिथं माझा जीव गुदमरेल. तुम्ही दोघं जा." मी स्पष्ट सांगितलं, यांना असं टाकून मी जाणार नाही. सुरेश सुट्टी संपल्यावर एकटेच गेले. त्यांना एसटीत बसवून मी परत आले, तेव्हा तात्या ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड फिरवून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी नवं खूळ काढलं. हसनभाईंकडून सुंभ मागवलं, सगळ्यात लहान करवत ओट्याच्या खांबाला आवळून बांधून घेतली आणि डाव्या हाताने दोरी ओढायचा खटाटोप सुरू केला. रोज दुपारी. तोल जाई, काठी निसटे. एकदा पडले, कोपर सोलवटलं.

"पुरे झालं!" मी ओरडले. "पुन्हा पडून हाड मोडून घेतलंत तर उचलणार कोण? मी आहे ना ओढायला!"

"तू नको हात लावू."

"का, एवढं काय अडलंय?"

त्यांनी दोरी पुन्हा मुठीत धरली. मी आत जाऊन भांडी आपटली. माणूस मरता मरता वाचतो आणि त्याला सुचतं काय, तर एका डबड्याशी कुस्ती! अनुसयाकाकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "म्हातारपणी माणूस पोर होतो गो." मी म्हटलं, पोरं निदान सांगितलेलं ऐकतात.

मग एका दुपारी मी धुणं वाळत घालत असताना ती करवत चालू झाली. क्षणभर वाजली आणि बंद झाली.

"सूनबाय! बाहेर ये."

तात्या घामाने निथळत ओट्यावर बसले होते. "मीच ओढली," ते म्हणाले.

"शाबास. आता गप बसा घटकाभर."

"गप नाय बसायचं. आता तू जा."

"कुठे?"

"डोंबिवलीला. नवऱ्याकडे. माझं मी करीन. दुपारचं अनुसया देईल, तिला विचारलंय. हसन रोज फेरी मारून जाईल."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि संताप आला. "करवतीची दोरी ओढली म्हणजे माणूस एकटा राहू शकतो? याला काही अर्थ आहे का, तात्या?"

"अर्थ नसेल. पण 'तुम्हाला काय जमतंय' असं आता तुला म्हणता येणार नाय." ते जड जिभेने सावकाश बोलू लागले. "तुझी सासू अशीच बसायची, या ओट्यावर. बोट लागली की येईन, पुढच्या बोटीला येईन, असं मी सांगायचो. तिचं वाट बघण्यातच सगळं गेलं. मी कायमचा आलो तेव्हा ती नव्हती. या घरात आणखी एक बाई तशी नको मला."

मी हातातला पिळा तसाच धरून उभी राहिले. पाणी पायावर गळत होतं.

तात्या त्यानंतर तीन पावसाळे तिथे एकटे राहिले. माझी मुलगी त्यांनी पाहिली, तिला मांडीवर घेतलं. एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हसनभाईंनी कळवलं. करवती आम्ही त्यांनाच नेऊ दिल्या. त्या त्यांनी शेवटपर्यंत मोडीत काढल्या नाहीत. पण तात्या मला आठवतात ते मी निघाले त्या सकाळचे. रिक्षा दारात उभी. ते ओट्यावर बसून पॉलिश पेपरने प्लग घासत होते. एसटी स्टँडवर येणार नाही, म्हणाले. मी पाया पडायला वाकले. त्यांनी डावा हात उचलला, थांबले, तो खाली घेतला. मग त्या डाव्या हाताने उजवं मनगट धरून तो हात सावकाश वर नेला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडायचं काम नाय," ते म्हणाले. "रडून गाडीत बसलं की घाटात उलटी होते. जा, गाडी सुटेल."

हातखंब्यापर्यंत मी रडत होते. निवळीच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि मला एकदम राग आला. इतकं सगळं ठरवलं, काकींना सांगितलं, हसनभाईंना सांगितलं. पण मीठ कुठल्या बरणीत आहे, हे विचारायचं या माणसाला सुचलं नव्हतं.