बत्तीस विरुद्ध एकतीस

गुनवोर त्वेइत ही जागेपणी स्वप्नं पाहणारी बाई. चर्चच्या तळघरात, त्यांच्या रीतीच्या कॉफीसाठी, भुकटीत अंडं कालवता कालवता तिचा हात थांबायचा, नजर खिडकीतून मक्याच्या शेतापलीकडे जायची आणि बाकीच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "गेली गं बाई नॉर्वेला!" नॉर्वे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या घरात ती मिनेसोटातच जन्मली, तिथेच वाढली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही आणि त्रेसष्टाव्या वर्षीही दर रविवारी चर्चची घंटा वाजवत होती. तिची नजर जायची ती सत्तेचाळीस वर्षं मागे.

तिचे वडील थोर्लेइफ आमच्या चर्चच्या मंडळीचे क्लोकर होते. म्हणजे घंटा वाजवायची, आणि उपासना सुरू होताना नि संपताना वेदीपुढच्या दारात उभं राहून सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणायची. माणूस साधा, डुकरं पाळणारा. अंगाचा वास रविवारच्या कोटातूनही यायचा. पण त्या दारात उभे राहिले की त्यांचा आवाज निराळाच व्हायचा. प्रभू, तुझ्या घरात आलो आहे, तू काय सांगतोस ते ऐकायला माझं मन उघड, असं काहीसं ते नॉर्वेजियनमध्ये म्हणत, आणि छोट्या गुनवोरला वाटे, बाबा कुठल्या तरी पाण्यावर उभे आहेत आणि पाणी हळूहळू चढतं आहे.

पुढे ती सोळा वर्षांची झाली आणि तिला त्याच आवाजाची लाज वाटू लागली. गावातली पोरं तिच्या उच्चारांना हसत, तिला 'हेरिंग', म्हणजे खारवलेला मासा, म्हणत. त्याच वर्षी मंडळीत मतदान ठरलं. चिठ्ठीवर प्रश्न होता, 'नॉर्वेजियन उपासना बंद करावी काय?' पण कॉलेजात जाऊन आलेल्या चिटणिसाने तो छापला इंग्रजीत! जे इंग्रजीच्या विरोधात, त्यांनाच इंग्रजीत विचारायचं. शहाणपणाची हद्द झाली. मत फक्त पुरुषांना. बायका डावीकडच्या बाकांवर केक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वडिलांनी पलीकडून बोटाने तिला बोलावलं.

"काय लिहिलंय गं हे?"

"नॉर्वेजियन ठेवायची का, असं विचारलंय, बाबा," गुनवोर म्हणाली.

त्यांनी पेन्सिल ओली केली आणि ठसठशीत 'या' लिहिलं. 'या' म्हणजे 'हो'.

बत्तीस विरुद्ध एकतीस. इंग्रजी आली, आणि उपासनेच्या नव्या पुस्तकात दारातली प्रार्थना नव्हतीच, म्हणून तीही गेली. वडील घंटा वाजवत राहिले. नंतर शेवटच्या बाकावर बसून, फारसं काही न कळणारं प्रवचन ते नऊ वर्षं मान डोलवत ऐकत राहिले, आणि मग एका हिवाळ्यात गेले. गुनवोरने त्यांना खरं सांगितलं नाही. आधी धीर झाला नाही, आणि मग ते उरले नाहीत.

गुनवोर त्रेसष्ट वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, नव्हता, म्हणून चार महिन्यांसाठी मादागास्करहून शिकायला आलेले पाळक मानाहिरा नेमले गेले. पहिल्या शनिवारी ते तळघरात आले, अंड्याची कॉफी प्यायले, आणि म्हणाले, "गुनवोरबाई, उद्या दारात कोण उभं राहणार?"

"कुठल्या दारात?"

"वेदीपुढच्या. आमच्या गावात एक म्हातारा मच्छीमार उभा राहतो. प्रभू, तुझ्या घरात आलो आहे, म्हणतो. तुमच्याच लोकांनी शिकवलं आमच्या आजोबांना."

गुनवोरने किटली खाली ठेवली. इथून कुणी मिशनरी गेले होते, त्यांच्यासाठी आईने मोजे विणले होते, एवढं तिला माहीत होतं. पण बाबांची प्रार्थना बोटीत बसून गेली असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"तुम्ही ती कुठल्या भाषेत म्हणता?"

"आमच्या. दुसरी येते कुणाला? नॉर्वेजियनच राहिली असती, तर आम्हाला काय उपयोग होता तिचा?" मानाहिरा हसले. "तुम्हाला येते ना? म्हणा उद्या."

"मी नाही," गुनवोर म्हणाली. "मला तो हक्क नाही." आणि सत्तेचाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिने त्या परक्या माणसाला सांगून टाकलं.

मानाहिरांनी समजूत घातली नाही. "हे मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "तेव्हाचे लोक वर चर्चमध्ये बसतात ना अजून?"

रविवारी धुकं होतं. खिडक्यांबाहेर शेत नव्हतं, रस्ता नव्हता, नुसता पांढरा उजेड. गुनवोर दारात जाऊन उभी राहिली. प्रार्थनेऐवजी तिच्या तोंडून निघालं, "सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं ते जास्तीचं एक मत माझं होतं. मी बाबांना फसवलं."

आम्हा नॉर्वेजियन लोकांत कुणी असं बोलत नाही. कुणी मेलं तरी आम्ही म्हणतो, हवा गार आहे नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मग ऑर्विल नेस्तेगार्द, वय एक्क्याहत्तर, खाकरला.

"ते मत माझं होतं. सभेत नॉर्वेजियनसाठी घसा फोडला, आणि चिठ्ठीवर 'हो' लिहिलं. माझी बायको मिनी जर्मन. तिला कळावं म्हणून."

"गप रे," मागून क्लेरेन्स मोएन ओरडला. "ते माझं होतं! मला वाटलं, इंग्रजीत प्रवचन तरी लवकर आटपेल. कुठलं काय!"

"माझ्या बाबांना मी फसवलंय!" गुनवोर चिडून म्हणाली. एवढी वर्षं एकटीने सांभाळलेलं पाप हे दोघे म्हातारे सरळ वाटून घ्यायला निघाले होते. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

मग तिने हात जोडले आणि नॉर्वेजियनमध्ये म्हणायला लागली. आवाज बाबांसारखा नव्हता, किरटा होता. मधे एक शब्द सापडेना, तिथे तिने इंग्रजी शब्द घातला आणि पुढे गेली. म्हणून झाल्यावर ती थांबली.

सगळे माना खाली घालून तसेच बसून राहिले. त्यांच्या आईबापांची प्रार्थना कुठे संपते, हे त्यांच्यापैकी एकालाही आठवत नव्हतं.

"आमेन," वेदीपाशी उभे असलेले मानाहिरा म्हणाले.