तारेत ओवलेले शब्द

पत्र्याच्या पेट्या बनवण्यात पेटीवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चाळीस वर्षं ऐरणीवर हातोडा पडत राहिला आणि त्या ठोक्यांनी त्याचे कान थोडे थोडे करून खाऊन टाकले. हे त्याने कोणाला कळू दिलं नाही. समोरचा बोलला की तो मान डोलवायचा, हसायचा, "बरोबर आहे," म्हणायचा. लोकांना वाटायचं, केवढा समंजस कारागीर!

त्याची एकुलती एक लेक दूरच्या विद्यापीठात शिकत होती. प्रबंध लिहून दिला आणि महिन्याभरात तापाने गेली. पुढे प्रबंधाची बांधीव प्रत घरी आली. सगळी इंग्रजीत. पेटीवाल्याला अक्षरं लावता यायची, अर्थ लागायचा नाही.

"मला हे वाचायचंय," तो बायकोला म्हणाला.

"साधं इंग्रजी पत्र दुसऱ्याकडून वाचून घेता, आणि हे वाचणार?" ती म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली. येताना लेकीची एक वही घेऊन आली.

अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारे इंग्रजी शब्द लेकीने पहिल्या वर्षी त्या वहीत ओळीने उतरवले होते. शब्द, पुढे अर्थ, खाली घरातलंच एखादं वाक्य. 'अझ्यूम: गृहीत धरणे. बाबांनी ऐकलं, असं आम्ही गृहीत धरतो.' ते वाचून पेटीवाला खुदकन हसला. पोर पहिल्यापासून खट्याळच.

मग रोज सकाळी कामाला बसण्याआधी पाच शब्द. पत्र्याच्या तुकड्यावर आखणीच्या सुईने एका बाजूला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला अर्थ, आणि भोक पाडून तुकडा तारेत ओवायचा. शब्द पाठ झाला की तुकड्याचा कोपरा दुमडून टाकायचा, पेटीची कड दुमडतात तसा, हाताला लागू नये म्हणून. वहीत नसलेला शब्द घेऊन तो शेजारच्या मास्तरीणबाईंकडे जायचा.

"कन्सील म्हणजे लपवणे!" एकदा बाईंनी सांगितलं.

त्याने मान डोलवली.

"मान कसली डोलवता? काय म्हणाले मी, सांगा बघू."

"तेच की."

"तेच म्हणजे काय, पेटीवाले?"

तो नुसता हसला. बाईंनी मुकाट्याने तुकड्यावर खडूने अर्थ लिहून दिला.

दीड वर्षाने तो चौथ्या प्रकरणाला पोचला. प्रबंध गोंगाटात राबणाऱ्यांच्या कानांवर होता, हे तोवर त्याला उमगलं होतं. त्यात पाहणी केलेल्या माणसांना नावांऐवजी क्रमांक होते, आणि अकराव्या क्रमांकाचा माणूस पेट्या बनवणारा निघाला. पेटीवाल्याने तारेतले तुकडे सोडवले, ओळीखाली मांडले आणि एकेक उलटत गेला. ऐकू येत नाही हे लपवायला हा माणूस मान डोलवतो. घरच्यांना ते ठाऊक असतं. त्याचा अपमान नको म्हणून ते काही बोलत नाहीत. हळूहळू ते त्याला सांगणंच बंद करतात.

'बंद करणे' हा तुकडा त्याने सगळ्यांत आधी परत तारेत ओवला. मग त्याने बायकोला हाक मारली.

"पोर मला काय सांगायची गं?"

"कशाला आता ते?"

"सांग."

ती त्याच्या कानाशी येऊन बसली. "सगळंच सांगायची. सुट्टीला आली की तुमच्या ताटाशेजारी बसून. एकदा म्हणाली, बाबा, तिकडे मला एकटीला फार भीती वाटते. तुम्ही हसलात. बरोबर आहे, म्हणालात."

"मग?"

"मग ती मलाच सांगायला लागली."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक काहीतरी बोललं. पेटीवाल्याची मान सवयीने हलू लागली, ती त्याने आवरली. हातोडा खाली ठेवला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "परत सांगा."

गिऱ्हाइकाने ओरडून सांगितलं. कडी जरा मोठी हवी होती, एवढंच. पेटीवाल्याने ते शेवटपर्यंत ऐकलं, जिवाचा कान करून. मागे तारेत 'बंद करणे'चा तो एक तुकडा लोंबत होता. शब्द केव्हाच पाठ झाला होता, पण त्याचा कोपरा पेटीवाल्याने दुमडला नाही.